बदलत्या परिस्थितीत एआय निर्णय कसा घेतं? बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

मी बेळगावात राहतो. बरीच वर्षं उद्यमबागेतल्या कारखान्यांत यंत्रांना कॅमेरे आणि सेन्सर जोडायचं काम केलं, आता मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. आजोळ दूधगंगेच्या काठी, सदलग्याच्या बाजूला. त्यामुळे वाचनालयात असो, गणपतीच्या मंडपात असो की मामांच्या कट्ट्यावर, एआयचा विषय निघाला की लोक माझ्याकडे वळतात. विचारणारे वेगवेगळे असतात, पण गाडी एकाच ठिकाणी येते: पाऊस बदलला, दर बदलला, रस्ता बदलला तर मशीनला ते कळतं कसं, आणि कळल्यावर ते करतं काय? तीच उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

एआय निर्णय घेतं म्हणजे नेमकं काय करतं?

माझे मामा पुराच्या दिवसांत जे करतात, तेच. मामा संध्याकाळी नदीवर जातात आणि पाणी जिथं टेकलंय तिथं एक खुंटी रोवतात. तिच्या वर वीतभर अंतरावर दुसरी, आणखी वर तिसरी. जेवणं झाली की बॅटरी घेऊन पुन्हा जातात. पहिली बुडाली, दुसरीच्या बुडाला पाणी लागलं, म्हणजे दोन तासांत वीतभर चढलं. अकरा वाजता परत एक फेरी. मग ठरतं, म्हशी रात्रीच माळावर न्यायच्या की उजाडेपर्यंत थांबायचं.

पाहायचं, पाहिलेल्यावरून पुढचा अंदाज बांधायचा, अंदाजावरून काहीतरी करायचं आणि केल्यावर पुन्हा पाहायचं. रिचर्ड बेलमन या अमेरिकी गणितज्ञानं १९५७ मध्ये या फेऱ्याला नीट गणिताचं रूप दिलं. त्याला मार्कोव्ह निर्णय प्रक्रिया म्हणतात. त्यात चारच गोष्टी लागतात: आत्ताची स्थिती, हातात असलेले पर्याय, प्रत्येक पर्यायानंतर काय काय घडू शकेल याच्या शक्यता, आणि जे घडेल त्याचा फायदा-तोटा.

तोट्याचा हिशेब लोक विसरतात, म्हणून तो आकड्यांत मांडतो. समजा, म्हशी हलवायला टेम्पो आणि वैरण धरून २,००० रुपये जातात. गोठ्यात पाणी शिरलं तर नुकसान १,५०,००० रुपयांचं. पाणी शिरण्याची शक्यता दहात एक. दीड लाखाचा दहावा हिस्सा १५,००० होतो, आणि तो २,००० पेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणजे पाणी न येण्याचीच शक्यता जास्त असूनही म्हशी हलवणं शहाणपणाचं. मशीन हाच गुणाकार करतं, फक्त शेकडो पर्यायांचा आणि दर मिनिटाला.

म्हशी हलवल्या आणि पाणी आलंच नाही. मग निर्णय चुकलाच की?

नाही चुकला. निर्णय घेताना जी माहिती होती तिच्यावरून तो बरोबर होता की नाही, एवढंच पाहायचं. एका रात्रीवरून माणसालाही नापास करू नये आणि मशीनलाही. शंभर रात्रींचा हिशेब काढा.

“मिशनला नदी कळती काय?”

हा प्रश्न मामांच्या शेजारच्या आजींचा. मला तो फार आवडतो.

नदी तशी मशीनला दिसत नाही. त्याला दिसतात आकडे: अमुक बंधाऱ्यावर पाण्याची पातळी इतकी, अमुक ठिकाणी पाऊस इतका. आणि ते आकडेही अर्धेमुर्धे खरे. सेन्सरवर गाळ बसतो, लाट येते, पट्टी वाचणाऱ्याची एखादी नोंद चुकते. म्हणून मशीन दोन गोष्टी जवळ ठेवतं. एक म्हणजे स्वतःचा अंदाज, की मघाशी पाणी इथं होतं, वेग इतका होता, म्हणजे आता इथं असायला हवं. दुसरी म्हणजे नुकताच आलेला आकडा. दोन्ही जुळले तर ठीक. नाही जुळले तर ज्याच्यावर भरवसा जास्त त्याच्याकडे थोडं झुकायचं, पण दुसऱ्याला पूर्ण सोडायचं नाही. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० मध्ये याचं गणित मांडलं. त्याला काल्मान फिल्टर म्हणतात, आणि चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांना वाट दाखवायला हेच गणित वापरलं होतं.

मामाही हेच करतात. खुंटी एकदम दोन वीत बुडालेली दिसली तर ते लगेच पळत सुटत नाहीत. आधी बघतात, खुंटी कुणी ढकलली तर नाही, काठ ढासळला तर नाही.

नकाशाच्या ॲपनं आम्हाला पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यावर का नेलं?

पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो. चिकोडी-निपाणी भागातल्या माणसाला जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर ही नावं पाठ असतात, कारण वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा चढल्या की हे खालच्या पातळीचे बंधारे-पूल पाण्याखाली जातात. गावातलं पोरही सांगेल. पण पुण्याहून लग्नाला आलेल्या पाहुण्याच्या फोनला ते माहीत नसतं.

ॲप रस्ता कसा निवडतं ते बघा. रस्त्यांचं जाळं त्याच्याकडे आहे. प्रत्येक तुकड्याला किती मिनिटं लागतील हे ते ठरवतं आणि सगळ्यात कमी मिनिटांची वाट काढतं. जवळची वाट काढायची अशी एक रीत एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्येच लिहून ठेवली आहे, त्या भागात काही अडत नाही. अडतं ते मिनिटांपाशी. ती येतात त्या रस्त्यावरून जाणाऱ्या फोनांच्या वेगावरून. महामार्गावर हजारो फोन असतात, गर्दी झाली की वेग पडतो आणि ॲपला लगेच कळतं. बंधाऱ्यावरून एरवीच तासाला चार गाड्या जातात. पाणी चढलं की त्याही बंद. आता ॲपकडे तिथून काहीच खबर येत नाही. खबर नाही म्हणजे रस्ता बंद आहे, की नेहमीसारखा रिकामा आहे? ॲपला दोन्ही सारखंच दिसतं. मग ते जुन्या सरासरीवर जातं, आणि जुनी सरासरी सांगते, हा रस्ता मोकळा असतो, सात मिनिटांत पार होतो.

बदलत्या जगात मशीन फसतं त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. त्याचं गणित चुकलेलं नसतं, त्याच्यापर्यंत खबर पोचलेली नसते. आणि जिथं वस्ती विरळ, फोन कमी, रस्ता लहान, तिथंच ती पोचत नाही.

उपाय दोन. रस्ता बंद असल्याची नोंद ॲपवर करता येते, ती करा. एकानं केली तर कदाचित लागणार नाही, गावातल्या पाच-सहा जणांनी केली तर फरक पडतो. आणि पावसाळ्यात बाहेरचा पाहुणा येणार असेल तर त्याला फोन करून वाट सांगा.

पाणी महाराष्ट्रातून येतं. मशीनला राज्याची सीमा असते का?

मशीनला नसते, माहितीला असते. वेदगंगा आणि दूधगंगा सह्याद्रीत उगम पावून कोल्हापूर जिल्ह्यातून वाहत येतात. घटप्रभेचं पाणी चंदगड भागातून वाहत हिडकलच्या धरणात येतं. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते आणि ती कृष्णा पुढे चिकोडी, रायबाग, अथणीकडे येते. पाऊस एका राज्यात, पूर दुसऱ्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये ज्यांनी घराच्या माळ्यावर रात्र काढली त्यांना हे समजावून सांगायला नको.

पुराचा अंदाज सांगणाऱ्या मॉडेलला, म्हणजे जुन्या आकड्यांवरून शिकलेल्या प्रोग्रामला, वरच्या भागातला पाऊस, धरणातला साठा आणि सोडलेलं पाणी, तिन्ही वेळेवर मिळाले तर ते चांगलं काम करतं. यातली एक खबर सहा तास उशिरा आली तर मशीन सहा तासांपूर्वीच्या नदीवर निर्णय घेत बसतं. म्हणून दोन्ही राज्यांच्या पाटबंधारे खात्यांत सतत बोलणं आणि आकड्यांची देवाणघेवाण असणं, हे मला कोणत्याही नव्या कॉम्प्युटरपेक्षा मोलाचं वाटतं. आणि आपणही कुणाच्या तरी वरच्या अंगाला आहोत. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात जाते. तिथल्या लोकांनाही इकडच्या पावसाची खबर तितकीच लागते.

एकदा नीट शिकवलं की मशीन कायमचं शिकलं, असं का नाही?

याचं उत्तर मी एका फौंड्रीत शिकलो.

पाण्याच्या पंपाची कास्टिंग तपासायला आम्ही कॅमेरा बसवला होता. फेब्रुवारी ते मे, चार महिने फोटो काढले. मिस्त्री प्रत्येक पीस बघून सांगायचे, हा चांगला, हा ब्लो होलचा (वायूमुळे भोक पडलेला), हा कोल्ड शटचा (धातू नीट न जुळलेला). त्यावर मॉडेल शिकलं. मे अखेर ते इतकं पक्कं झालं होतं की मला स्वतःचा अभिमान वाटू लागला.

जून उजाडला. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, सुरू झाला की भिंतीसुद्धा घामेजतात. दुसऱ्या आठवड्यात मशीन चांगले पीस धडाधड बाजूला काढायला लागलं. मी कॅमेरा पुसला, लाइट बदलला, प्रोग्राम दोनदा वाचला. काही सापडेना. शेवटी मिस्त्रींनी बाजूला काढलेला एक पीस उचलला, अंगठ्यानं घासला आणि अंगठा माझ्यापुढे धरला. तांबूस झाला होता. “हे होल न्हवं, गंज हाय,” एवढंच म्हणाले.

दमट हवेत बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, काही तासांत गंजाचे बारीक ठिपके धरतात. उन्हाळ्यातल्या फोटोंत तसा एकही ठिपका नव्हता. मॉडेलच्या जगात काळपट-तांबडा ठिपका म्हणजे भोक, दुसरं काही असूच शकत नव्हतं. आणि त्याच पावसानं साच्याच्या वाळूतला ओलावा वाढून खरे ब्लो होलही थोडे वाढले होते, म्हणजे सगळं खोटं म्हणून सोडूनही देता येईना.

शिकताना जे जग पाहिलं आणि वापरताना जे जग समोर आलं, त्यात असं अंतर पडत जातं. याला ड्रिफ्ट म्हणतात. मशीन मोडत नाही, लाल दिवा लागत नाही, ते पूर्वीइतक्याच ठामपणे चुकत राहतं. म्हणून आता मी कुठंही पहिला प्रश्न हाच विचारतो: ह्याला पावसाळा दाखवलाय का?

मग रोज नव्यानं शिकवत राहायचं, सोपं आहे की!

सोपं नाही. नुसते पावसाळ्यातले फोटो देत गेलं तर मॉडेल उन्हाळा विसरतं. हे अगदी शब्दशः घडतं. न्यूरल नेटवर्कला, म्हणजे अशा मॉडेलच्या आतल्या जाळ्याला, नवं शिकवताना जुनं पुसलं जातं हे १९८९ पासून माहीत आहे. म्हणून नव्या फोटोंत जुने मिसळून द्यावे लागतात.

दुसरा धोका म्हणजे जे समोर येईल ते तपासल्याशिवाय गिळणं. मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१६ मध्ये टे नावाचा गप्पा मारणारा बॉट ट्विटरवर सोडला होता. लोकांनी मुद्दाम त्याला घाण शिकवली आणि एका दिवसाच्या आत तो बंद करावा लागला. आमच्या फौंड्रीत मग असं ठरलं की मशीन स्वतःहून काही शिकणार नाही. ज्या पीसबद्दल त्याला खात्री नाही ते वेगळ्या ट्रेमध्ये जातील, मिस्त्री संध्याकाळी बघतील, आणि त्यांनी बघितलेलेच फोटो शिकवणीत जातील. वेळ लागतो. पण पुढच्या जूनमध्ये मला धावपळ करावी लागली नाही.

बदल ओळखण्यासाठी मशीन स्वतः काही करतं का, की नुसती वाट बघतं?

करतं, आणि ते आपल्या शेतकऱ्याला चांगलं ठाऊक आहे. तीन एकरांत उसाचं नेहमीचं को ८६०३२ वाण लावायचं आणि कडेला चार गुंठ्यांत नवं वाण टाकून बघायचं. चार गुंठे वाया गेले तर घर बुडत नाही, आणि साधलं तर पुढच्या लावणीला उपयोग होतो. जे चालतंय ते वापरणं आणि नवं करून बघणं, यांतलं माप कसं ठरवायचं यावर विल्यम थॉम्प्सन यांनी १९३३ मध्ये एक पद्धत दिली. एखादा पर्याय सगळ्यात चांगला असण्याची तुमच्या मनात जितकी शक्यता असेल, तितक्या प्रमाणात तो करून बघायचा. आजही ती वापरात आहे.

परिस्थिती स्थिर असेल तर हळूहळू चार गुंठ्यांची गरज संपते, सगळ्यात चांगलं वाण कळून चुकतं. पण पाऊस, रोग आणि दर बदलत असतील तर ते चार गुंठे कधीच बंद करायचे नाहीत. मशीनलाही तसंच बांधतात. थोडा प्रयोग कायम चालू, आणि जुन्या अनुभवाचं वजन दरवर्षी थोडं कमी.

पण हे सगळीकडे चालत नाही. ऊस लावताना प्रयोग ठीक आहे. धरणाचा दरवाजा उघडताना किंवा पेशंटला औषध देताना “करून बघू” म्हणता येत नाही. तिथं मशीनला आधी संगणकातल्या खोट्या नदीवर, खोट्या धरणावर हजारो वेळा चुकू देतात. मग ती खोटी नदी खऱ्या नदीसारखी किती, हा प्रश्न उरतोच.

बारामतीचा एआय ऊस इकडे चालेल का?

निपाणी, चिकोडी, अथणी, सगळीकडून हा प्रश्न येतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसाच्या प्लॉटवर हवामान केंद्र, जमिनीत ओलावा मोजणारे सेन्सर आणि उपग्रहाची चित्रं, असं सगळं जोडून पाणी आणि खत कधी, किती द्यायचं हे सांगण्याचा प्रयोग झाला आहे. विचार चांगला आहे.

पण बारामती पर्जन्यछायेतली. आपला एकच जिल्हा बघा. पश्चिमेला खानापूर तालुक्यात कणकुंबी, आमगाव, जिथं पाऊस कोकणासारखा कोसळतो. तिथून पूर्वेला अथणीकडे जावं तर लोक ढगाकडे डोळे लावून बसलेले. इकडं तांबडी माती, तिकडं काळी. बारामतीत शिकलेलं मॉडेल अथणीच्या काही भागांत बरं चालेल, खानापूरच्या बाजूला ते गोंधळेल, कारण तिथं अडचण पाणी द्यायची कमी आणि काढून टाकायची जास्त असते.

तेव्हा विकायला येणाऱ्याला विचारा: आमच्या मातीत, आमच्या पावसात किती हंगाम तपासलं? लावणीला वेगळं सांगतं का, खोडव्याला वेगळं? आणि सल्ला चुकला तर ते त्याला कोण कळवतं? या तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडून घाईनं घेऊ नका. बेळगावात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, धारवाडचं कृषी विद्यापीठ जवळ आहे. तिथं एकदा विचारून यावं.

भाजीचा दर एआयनं आधीच सांगितला तर?

सांगितल्यामुळेच तो चुकेल, ही इथली गंमत आहे आणि दुःखही.

बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला जाते. समजा ॲप म्हणालं, दोन महिन्यांनी कोबीला चांगला दर आहे. एका शेतकऱ्यानं ऐकलं तर त्याचा फायदा. काकती, कडोली, उचगावपासून सगळ्यांनी ऐकलं तर दोन महिन्यांनी मार्केट कोबीनं भरून जाईल आणि पोत्याचं भाडंही सुटणार नाही. नदीला आपला अंदाज ऐकू येत नाही, बाजाराला येतो. अंदाज जाहीर होताच ज्याचा अंदाज केला तीच गोष्ट बदलते.

मोठमोठ्यांना याचा फटका बसला आहे. लोक इंटरनेटवर काय शोधतात यावरून फ्लूची साथ ओळखण्याची सेवा गूगलनं २००८ मध्ये सुरू केली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फार वर गेला, आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. फ्लूच्या बातम्या वाचून निरोगी माणसंही शोधायला लागली की मशीनला तीही आजारी वाटतात.

म्हणून दराच्या बाबतीत मला असा सल्ला पटतो जो एकच पीक सांगत नाही, जोखीम वाटून देतो. थोडा कोबी, थोडी रताळी, थोडी मिरची. आपले वाडवडील तेच करत होते.

गो खेळात जगज्जेत्याला हरवणारं मशीन साध्या रस्त्यावर का चुकतं?

अल्फागो या गो खेळणाऱ्या प्रोग्रामनं मार्च २०१६ मध्ये ली सेडॉल या जगज्जेत्याला ४-१ असं हरवलं. पण पटावरच्या १९ बाय १९ रेषा कालही त्याच होत्या, उद्याही त्याच. नियम बदलत नाहीत, काही लपलेलं नसतं. व्हिडिओ गेम पटापट जिंकणाऱ्या एका मशीनच्या खेळात फक्त चेंडू अडवायची फळी जराशी वर सरकवली, तर ते पार ढेपाळलं. लहान मूल दोन मिनिटांत सावरलं असतं.

रस्त्यावर हे जिवावर येतं. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत टेम्पी इथं उबरच्या स्वतः चालणाऱ्या चाचणी-गाडीनं सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली, त्यात ती गेली. चौकशीत निघालं की गाडीच्या सेन्सरना ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी “इतर काही”, कधी सायकल ठरवत राहिली, आणि प्रत्येक वेळी नाव बदललं की ती आतापर्यंत कुठून कुठं सरकली याची आठवण टाकून दिली जायची. शिवाय झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल, याचा त्या यंत्रणेत विचारच केलेला नव्हता.

हे वाचलं तेव्हा मी खडेबाजारातला शनिवार डोळ्यांपुढे आणला. तिथं झेब्रा क्रॉसिंगवरून कोण जातं? आणि समोर काहीतरी आहे हे कळल्यावर ते काय आहे हे ठरेपर्यंत आपला रिक्षावाला ब्रेक लावायचं थांबतो का? आधी ब्रेक, मग नाव. मशीनलाही हेच शिकवावं लागतं.

मशीन “मला माहीत नाही” म्हणू शकतं का?

म्हणू शकतं, पण तसं त्याला बांधावं लागतं. एक सरळ उपाय असा, की एकच मॉडेल न ठेवता दहा ठेवायची, प्रत्येकाला जरा वेगळं शिकवायचं. दहाही एकच सांगत असतील तर भरवसा ठेवावा. पाच एकीकडे, पाच दुसरीकडे असतील तर माणसाला हाक मारावी. हवामानाचे अंदाजही असेच अनेक शक्यता चालवून काढतात. “७० टक्के पाऊस” म्हणजे असे दहा दिवस आले तर त्यातल्या सातांना पाऊस पडला पाहिजे. ज्याचे सातच दिवस भरतात त्याचा शब्द खरा.

२०२५ च्या खरिपाआधी केंद्राच्या कृषी खात्यानं १३ राज्यांतल्या ३.८ कोटी शेतकऱ्यांना एआयवर आधारलेले पावसाच्या आगमनाचे अंदाज एसएमएसनं पाठवले. त्या वर्षी मान्सून लवकर आला आणि मध्येच थांबला, आणि तो थांबणार हे त्या अंदाजात होतं. पेरणी करू की चार दिवस थांबू, या निर्णयाला असा अंदाज खरा उपयोगी पडतो.

चॅटजीपीटीला “आज बंधाऱ्यावर पाणी आहे का” विचारलं तर चालेल?

नको. ते एका तारखेपर्यंतच्या मजकुरावर शिकलेलं असतं. इंटरनेटवर शोधून सांगितलं तरी तुमच्या बंधाऱ्याची आजची बातमी तिथं असेलच असं नाही. बंधाऱ्याजवळच्या माणसाला फोन करा.

आमची मराठी त्याला कळत नाही. आम्हीच शुद्ध बोलायचं का?

मुळीच नाही. घरात मराठी, दुकानात कानडी, मध्ये उर्दू, आणि एका वाक्यात तिन्ही, ही आपली रोजची भाषा. पुणे-मुंबईच्या आवाजांवर शिकलेल्या मशीनला ती परकी वाटते. फौंड्रीतल्या गंजाचंच हे दुसरं रूप आहे, त्यानं आपला पावसाळा ऐकलेला नाही. केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत, लोकांना स्वतःचा आवाज देण्याची सोयही आहे. निपाणीच्या बाईनं आपल्या बोलीत दहा वाक्यं दिली तर ती पुढच्या मशीनच्या कानात राहतील. बोलणं बदलू नका, ऐकवा.

धरणाचा निर्णय एआयकडे दिला तर भांडणं मिटतील का?

मिटणार नाहीत. मशीनला आधी सांगावं लागतं, तुझं यश कशात मोजायचं. हिडकलचं धरण ५१ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), कृष्णेवरचं आलमट्टी १२३ टीएमसीचं. उन्हाळ्यात पाणी हवं म्हणून भरलेलं ठेवायचं, की मोठा पाऊस येईल म्हणून जागा रिकामी ठेवायची? पूर्वेकडच्या शेतकऱ्याचं उत्तर एक, काठावरच्या घराचं दुसरं. किती तहान बरोबर किती पूर, हा आकडा माणसांनी बसून ठरवायचा असतो. तो न ठरवता काम मशीनवर सोपवलं तर प्रोग्राम लिहिणाऱ्यानं मनाशी जे धरलं तेच धोरण होऊन बसतं, आणि ते कुणाला दिसतही नाही. मशीननं अंदाज द्यावा, पर्याय मांडावेत, दरवाजा उघडण्याच्या हुकमावर नाव असलेल्या अधिकाऱ्याची सही असावी.

मुलगी मराठी माध्यमात नववीत आहे. तिला हे शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

कॉम्प्युटरची घाई नको. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच बेळगावात आहे, पुढे इंजिनिअरिंगला वाटा पुष्कळ आहेत. आत्ता तिला संभाव्यतेचं गणित पक्कं करू द्या आणि एक वही द्या. सरळ उभ्या कडांचा डबा अंगणात, झाडापासून लांब ठेवायचा. रोज सकाळी आठ वाजता पट्टीनं पाणी मोजायचं, लिहायचं, आणि मोजायच्या आधी आदल्या रात्रीच आपला अंदाज त्याच पानावर लिहून ठेवायचा. महिन्यानं दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघायचे, अंदाज कुठल्या दिवशी चुकले आणि त्या दिवशी वेगळं काय होतं. ती वही भरली की मला आणून दाखवा, पुढचं तिथून सांगतो.